रोजचे शब्दकोडे एकाच कोपऱ्यात अडते? आधी भरलेली घरे तपासा

समस्या बहुतेकांच्या ओळखीची आहे. सकाळी पेपर येतो, चहाबरोबर शब्दकोडे हातात घेतले जाते आणि निम्म्याहून जास्त कोडे भराभर भरले जाते. मग एका कोपऱ्यात तीन-चार शब्द उरतात, ते उरतातच. दुपारी पुन्हा बघितले तरी तिथेच गाडी अडलेली. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून येते तेव्हा त्यातले निदान दोन शब्द आपल्याला चांगले माहीत असलेले निघतात. तोवर नव्या कोड्यातला दुसरा कोपरा अडलेला असतो.

अशा वेळी लोक स्वतःच्या शब्दसाठ्याला दोष देतात आणि शब्दकोश उघडून बसतात. शब्द खरोखरच माहीत नाही असेही होते, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. पण रोज सोडवणाऱ्या माणसाचा कोपरा अडतो तो सहसा न सुचलेल्या शब्दामुळे नाही. त्याच कोपऱ्यात आधीच, तेही पेनाने, ठासून लिहिलेला एखादा शब्द चुकलेला असतो. रिकाम्या घरांकडे कितीही टक लावली तरी तो सापडत नाही, कारण तो भरलेल्या घरांत लपलेला असतो.

एक कोपरा उघडून बघू

तीन बाय तीनचा कोपरा धरा, मधले घर काळे. क्लू असे आहेत. १ आडवा: अर्जुनाचे धनुष्य (३). १ उभा: सप्तकातील तिसरा स्वर (३). २ उभा: तोंड (३). ३ आडवा: दात (३). म्हणजे वरच्या ओळीत एक शब्द, खालच्या ओळीत एक, डाव्या बाजूने खाली एक आणि उजव्या बाजूने खाली एक.

अर्जुनाचे धनुष्य म्हणजे गांडीव, यात वाद नाही. उजवीकडे खाली उतरणारा शब्द ‘व’ने सुरू होतो आणि अर्थ तोंड, म्हणजे वदन. आता खालच्या ओळीचे शेवटचे अक्षर ‘न’ मिळाले. दात, तीन अक्षरी, शेवटी न. हात आपोआप लिहितो: दशन. मग राहतो डावीकडचा स्वर. गां, रिकामे घर, द. गाणे न शिकलेल्या माणसाला सा-रे-ग-म एवढेच ठाऊक, तिसरा स्वर ‘ग’, तो तीन अक्षरी कसा होईल? शिवाय शेवटी द. इथे माणूस तासभर बसतो, आणि गंमत म्हणजे शंका घेतो ती गांडीववर.

आता भरलेली घरे तपासू. ज्या घरातून आडवा आणि उभा असे दोन शब्द जातात आणि दोन्ही शब्द त्या अक्षराला होकार देतात, ते घर पक्के. ज्या घराला एकाच शब्दाचा आधार आहे ते कच्चे. गांडीवचा ‘व’ पक्का आहे, कारण वदन त्यावरून नीट उतरतो. वदनचा ‘न’ही ठीक वाटतो, कारण दातासाठीच्या शब्दाशी तो जुळतो. पण दशनमधला ‘द’? त्याला दशनशिवाय कोणीच साक्षीदार नाही. मधल्या ‘श’वरून तर दुसरा शब्द जातच नाही. तीन अक्षरांच्या शब्दात एकच अक्षर पक्के, आणि तरी तो पेनाने लिहिला गेला.

म्हणून खोडायचा तो दशन. दातासाठी शेवटी न असलेला दुसरा तीन अक्षरी शब्द आहे का? आहे: रदन. अमरकोशात दाताची नावे देताना रदन, दशन, दंत आणि रद ही चारही एकाच ओळीत येतात, त्यामुळे कोडे रचणाऱ्याला ती जोडी हाताशीच असते. रदन लिहिले की डावीकडे गां, रिकामे घर, र असे दिसते आणि गांधार लगेच डोळ्यांसमोर येतो. षड्ज, ऋषभ, गांधार. संगीताचे ज्ञान फारसे लागलेच नाही.

यातून हाती लागणारी सवय एकच. कोपरा अडला की त्यातल्या प्रत्येक भरलेल्या शब्दात पक्की घरे किती आणि कच्ची किती ते बघायचे. सर्वांत जास्त कच्ची घरे ज्या शब्दात, तो पहिला संशयित. जो शब्द लिहिताना आपल्याला सर्वांत जास्त आनंद झाला होता, तो दुसरा संशयित. पेन्सिल वापरा हा सल्ला सगळेच देतात, मीही देईन. पण पेन्सिलीने लिहिलेला शब्दसुद्धा मनात पेनाने लिहिला जातो, म्हणून मोजणी महत्त्वाची.

वेलांटी आडवी येते तेव्हा

मराठी कोड्याचा स्वतःचा असा एक रोग आहे, तो इंग्रजी कोडे सोडवणाऱ्याला होत नाही. आर्थर विन यांचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले, तेव्हापासून इंग्रजीत एका घरात सव्वीस अक्षरांपैकी एक बसते. मराठीत घरात बसते ते पूर्ण अक्षर: काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरासकट. त्यामुळे दोन शब्द एका घरात भेटतात तेव्हा नुसता ‘त’ जुळून भागत नाही, त्याची वेलांटीही जुळावी लागते.

उदाहरणार्थ, आडवा क्लू आहे ‘बुद्धी (२)’ आणि उत्तर मती. त्याच्या दुसऱ्या घरातून खाली उतरतो ‘अंधार (३)’, उत्तर तिमिर. आडव्या शब्दाला ‘ती’ हवी, उभ्याला ‘ति’. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा, मग तो संस्कृतातून आलेला शब्द असला तरी: कवी, गती, बुद्धी, मती. पण तेच शब्द समासाच्या आरंभी आले की मुळाप्रमाणे ऱ्हस्व: कविराज, गतिरोध, बुद्धिबळ. तेव्हा नियम पाळणारा कोडेकार मती आणि तिमिर यांची गाठ घालणारच नाही. अशी गाठ पडलेली दिसली तर दोनच शक्यता. एक, दोनपैकी एक उत्तर चुकले आहे (बुद्धीसाठी मेधाही आहे, अंधारासाठी तमसही). दोन, तुमच्या पेपरचा कोडेकार ऱ्हस्व-दीर्घ एकच मानतो.

यातले कोणते खरे ते कसे ठरवायचे? मागच्या आठवड्याची छापील उत्तरे काढा आणि फक्त इकार-उकाराची सामाईक घरे बघा. तुमचा कोडेकार सैल आहे की कडक, हे पाच-सहा कोड्यांत कळते, आणि एकदा कळले की ते सहसा बदलत नाही. कडक असेल तर वेलांटी हा तुमचा सर्वांत चांगला पुरावा आहे. सैल असेल तर वेलांटीवरून कोणताही शब्द बाद करू नका. हा एवढा गृहपाठ केला तर रोजची निम्मी डोकेदुखी जाते, असे मला ठामपणे वाटते.

शब्दाच्या मधल्या इकाराचेही तसेच. गरीब, वकील, दीर यांत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ; मंदिर, तरुण, गुण हे संस्कृत शब्द मात्र मुळाप्रमाणे ऱ्हस्व. ‘नवऱ्याचा धाकटा भाऊ’ लिहिताना पुष्कळ जण दिर लिहून टाकतात आणि मग दीपकचा क्लू त्यावरून उतरेना की कोड्यालाच नावे ठेवतात.

अनुस्वाराची भानगड वेगळी. गांडीव कोणी जुन्या वळणाने गाण्डीव लिहिला तर घरे तीनच राहतात, पण पहिले घर गां न राहता गा होते आणि दुसरे ण्डी. लगेच गांधारशी भांडण. वर्तमानपत्री कोड्यात अनुस्वारच धरून चाला. पाय मोडलेले अक्षरही विसरा. विद्वान, श्रीमान, अर्थात हे शेवटचे अक्षर पूर्ण धरूनच येतात.

मोजणीबद्दल एवढेच की जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचे असो, त्याला एक घर. महाराष्ट्र चार घरांचा (म, हा, रा, ष्ट्र), स्वातंत्र्य तीन घरांचा, दुःख दोन घरांचा, बँकही दोन. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, त्यामुळे दुर्योधनात दुसरे घर ‘र्यो’. नवखी मंडळी ‘र’ला वेगळे घर देतात आणि एक घर कमी पडले म्हणून शब्दच सोडून देतात.

शब्द खरोखर माहीत नसेल तर

कोडे रचणाऱ्याला बिनमात्रेची अक्षरे फार प्रिय असतात, कारण ती कुठेही जुळतात. म्हणून बोलण्यात कधी न येणारे शब्द कोड्यात रोज भेटतात: वदन, सदन, गगन, पवन, नयन, रजत, कनक, जलद, खग, नग, नभ, रव, कच, शर, तट. भुंगा दोन अक्षरी म्हटला की अली, शत्रू दोन अक्षरी म्हटला की अरी किंवा रिपू, पर्वत दोन अक्षरी म्हटला की नग. यांची यादी पाठ करू नका, कंटाळा येईल. उत्तर छापून आल्यावर जो शब्द चुकला तेवढाच वहीत लिहा, पण अर्थाच्या शीर्षकाखाली: ‘पाणी’ या पानावर जल, नीर, वारी, उदक, तोय, सलिल. सूर्याचे पान सर्वांत लवकर भरते: रवी, भानू, अर्क, मित्र, दिनकर, भास्कर, सविता, आदित्य. त्यातला मित्र अनेकांना चकवतो.

दुसरा साठा मोडीत निघालेल्या मापांचा आणि नाण्यांचा. ‘आठ गुंजा (२)’ म्हणजे मासा, ‘बारा मासे (२)’ म्हणजे तोळा. या दुसऱ्या क्लूवर तरुण मुले माशांची नावे आठवत बसतात. ‘चार आणे’ तीन अक्षरी म्हणजे पावली, ‘वीस मण’ दोन अक्षरी म्हणजे खंडी. घरात सत्तरीच्या पुढचे कोणी असेल तर या खात्यात त्यांना विचारण्यासारखा उपाय नाही. स्वयंपाकघर आणि शेत ही त्यांचीच खाती: ताक घुसळण्याची रवी (तीच सूर्याची रवी, कोडेकाराची आवडती), उकळते भांडे धरायची सांडशी, तिफण, पाभर, कुळव, मोट. मुंबई-पुण्यात वाढलेल्या माणसाला पाभर सुचायची कुठून?

नात्यांचे क्लू मात्र अवघड नसून घाईचे असतात. नवऱ्याची बहीण नणंद, दिराची बायको जाऊ, बायकोच्या बहिणीचा नवरा साडू, भावाची बायको तीन घरांत वहिनी आणि चार घरांत भावजय. क्लू एकदा मोठ्याने वाचला की पुरते.

आणि क्लूचे रूप बघा. क्लू अनेकवचनी असेल तर उत्तरही सहसा अनेकवचनी, क्लू ‘-णे’ने संपत असेल तर उत्तरही बऱ्याचदा ‘-णे’ने. क्लूचा रंगही सांगून जातो: ‘रदबदली’, ‘तगादा’, ‘हुकूम’ असे फारसी वळणाचे शब्द क्लूत असले तर उत्तर संस्कृतकडे झुकते, कारण कोडेकाराला पर्याय दुसऱ्या खात्यातून काढायचा असतो. हा नियम नाही, अंदाज आहे, पण अडलेल्या कोपऱ्यात अंदाजही कामी येतो.

सुरुवात म्हणींपासून करा हे सांगायला नको. ‘नाचता येईना ___ वाकडे’ किंवा ‘अति तेथे ___’ यांत दुसरे उत्तरच संभवत नाही, म्हणून ती घरे क्रॉसिंगशिवायही, म्हणजे छेदून जाणाऱ्या शब्दाच्या आधाराशिवायही, पक्की धरता येतात.

फोनवर शोधताना काय बिघडते

इंग्रजी कोड्यांसाठी अशा साइट आहेत जिथे माहीत असलेली अक्षरे आणि प्रश्नचिन्हे टाकली की शब्द मिळतात. मराठीत ही युक्ती चालवायला गेले की निकाल भलतेच येतात. कारण साधे आहे. संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे आपले घर नव्हे. ‘स्त्री’ आपल्याला एक घर. युनिकोडमध्ये ती स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी अशी सहा चिन्हे. तीन प्रश्नचिन्हे दिली की यंत्र तीन चिन्हे शोधते आणि कमल देते, पण वसुधा देत नाही. चॅटबॉटलाही हाच त्रास होतो. तीन अक्षरी शब्द मागितला तर आत्मविश्वासाने चार अक्षरी देतो. त्याला पर्यायी शब्द सुचवायला सांगा, घरे स्वतः मोजा.

मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (पहिला विभाग १९३२) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. पण इथे लोक हमखास अडतात: मती टाकले की शब्द सापडत नाही. दोन्ही कोश १९६२ च्या आधीचे आहेत, त्यांत मति, कवि, रवि असे ऱ्हस्व लिहिलेले असते, आणि नाव, काही यांवर जुने अनुस्वार असतात. तेव्हा सापडला नाही तर वेलांटी बदलून बघा, मग अनुस्वार देऊन बघा. सापडलेला शब्द कोड्यात लिहिताना मात्र आजच्या नियमाने लिहा.

मोल्सवर्थमध्ये आणखी एक सोय आहे जी कोड्यासाठी फारच उपयोगी: अर्थ इंग्रजीत आहेत. त्यामुळे क्लूचा इंग्रजी शब्द अर्थांच्या मजकुरात शोधला तर त्या अर्थाचे मराठी शब्द एकत्र हाती येतात. उलट्या बाजूने वापरलेला कोशच म्हणायचा. जुन्या अवजारांसाठी आणि मापांसाठी याहून बरे साधन मला माहीत नाही.

दुसऱ्याला विचारायचे तर

फॅमिली ग्रुपवर ‘भुंगा दोन अक्षरी काय?’ एवढेच टाकले की अकरा उत्तरे येतात, त्यातली सात तीन अक्षरी. विचारताना चार गोष्टी एकत्र द्या: क्लू जसाच्या तसा, घरे किती, कोणते अक्षर कितव्या घरात आहे, आणि ते अक्षर पक्के की कच्चे. शेवटची गोष्ट सगळे विसरतात, आणि तिच्याविना मदत करणारा तुमच्या चुकीच्या ‘द’वर डोके फोडत बसतो. नमुना हवा तर असा:

‘काका, आजचे १ उभा. सप्तकातील तिसरा स्वर, तीन घरे. पहिले गां, पक्के. तिसरे द, पण दशन लिहिले म्हणून आले, खात्री नाही. उत्तर सांगू नका, द बरोबर आहे का एवढे सांगा.’

असे विचारले की काकांनाही मजा येते आणि कोडे तुमचेच राहते. एवढा निरोप लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर सुचूनही जाते, मग निरोप पाठवायची वेळच येत नाही.

पेपरचीच चूक असेल तर

हेही होते, आणि वाटते त्यापेक्षा जास्त. क्लूचा आकडा चौकटीत सापडत नाही, कंसातला आकडा आणि घरे जुळत नाहीत, काळे घर पांढरे छापले जाते, किंवा आजच्या चौकटीला कालचे क्लू लागतात. ओळखायची खूण अशी की एक कोपरा नाही, सगळ्या कोड्यातच गोंधळ असतो. सुरुवातीलाच आडव्या क्लूंचे आकडे चौकटीतल्या आकड्यांशी पडताळून बघा, अर्ध्या मिनिटाचे काम आहे. एखादा आडवा क्लू छापायचा राहूनच गेला असेल तर त्याची सामाईक घरे उभ्या शब्दांनी भरतात, तेव्हा तो सोडून द्या.

ई-पेपरवर सोडवत असाल तर लहान चौकटीत आकडे आणि अनुस्वार पुसट दिसतात. आकड्यांची अदलाबदल तिथेच होते. चौकट मोठी करून बघा किंवा सरळ छापून घ्या.

आणि दुसऱ्या दिवशीच्या उत्तरात तुमच्यापेक्षा वेगळा शब्द असला, पण तुमचा शब्दही सगळ्या क्रॉसिंगला जुळत असला, तर तुमचे कोडे सुटले असे समजा. त्या जागी दोन उत्तरे बसू दिली ती कोडेकाराने.